सल्ला मागायला आलेला विद्यार्थी: जबाबदारीने मार्ग कसा दाखवावा

सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, वर्ष जातं ते विद्यार्थ्याचं. शिक्षक, मोठी भावंडं, वरच्या वर्गातली मुलं, नात्यातली नोकरी करणारी माणसं, यांच्याकडे विद्यार्थी विश्वासाने येतात. विषय बदलू का, केलेलं लक्षात राहत नाही, हे उदाहरण सुटत नाही, नापास झालो ते घरी कसं सांगू, असं काहीबाही विचारतात. आपण जाता जाता दिलेलं उत्तर त्या मुलाच्या डोक्यात पुढे कित्येक महिने घोळत राहतं. म्हणून सल्ला देण्यालाही शिस्त हवी, असं मला मनापासून वाटतं. ती अवघड नाही. कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे थांबायचं एवढं कळलं की पुष्कळ नुकसान टळतं.

पायरी १: आधी प्रश्न पुरता ऐकून घ्या

पहिल्या वाक्यात मुलं अनेकदा अडचण सांगतच नाहीत. अडचणीवर त्यांनी स्वतःच काढलेला तोडगा सांगतात आणि त्याला होकार मागतात. समजा, अकरावीतली एक मुलगी विचारते, "दादा, मी विज्ञान सोडून वाणिज्यला जाऊ का?" याला "जा" किंवा "जाऊ नकोस" यातलं कोणतंही उत्तर लगेच दिलं तरी ते अंदाजपंचेच असणार. त्याऐवजी बोलणं असं चालू शकतं:

"असं कधीपासून वाटतंय?"
"सहामाहीनंतर."
"सहामाहीत काय झालं?"
"भौतिकशास्त्राचा पेपर पूर्णच झाला नाही. येत होते ते दोन प्रश्नसुद्धा राहिले."
"आणि बाकीचे विषय?"
"ठीक आहेत. रसायनशास्त्र तर आवडतं मला."

इथे शाखा बदलण्याचं कारण अजून दिसलेलं नाही. दिसतंय ते एवढंच, की एका विषयात वेळ पुरला नाही आणि त्याचा धसका बसला. त्यावर घड्याळ लावून दोन-तीन जुने पेपर सोडवणं हा पहिला उपाय. पण तीच मुलगी "मला सुरुवातीपासून व्यापार-हिशेबातच गोडी होती, घरच्यांसाठी विज्ञान घेतलं" असं म्हणाली असती, तर पुढचं सगळं बोलणं वेगळ्या वाटेने गेलं असतं. पहिला प्रश्न दोन्हीकडे अक्षरशः तोच होता.

सल्ल्यापूर्वी निदान एवढं कळायला हवं: विद्यार्थी कितव्या इयत्तेत किंवा वर्षाला आहे, निर्णय कधीपर्यंत घ्यायचा आहे, आतापर्यंत त्याने काय करून पाहिलं, घरात कोणाला माहीत आहे, आणि पैसा, तब्येत किंवा घरची जबाबदारी असं काही आड येतंय का. हे सगळं एकदम विचारलं तर उलटतपासणी वाटते, म्हणून एकेक करून विचारा. "का केलंस?" हा प्रश्न शक्यतो टाळा. त्यात दोष दिल्याचा सूर लागतो आणि मूल सफाई द्यायला लागतं. "काय झालं?", "मग तू काय केलंस?" असं विचारलं की मुलं मोकळी होतात.

आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: "तुला आत्ता उपाय हवाय, की नुसतं बोलायचंय?" कित्येकांना फक्त बोलायचं असतं. त्यांच्यावर उपायांचा मारा केला, तर "माझं कोणी ऐकतच नाही" असा समज पक्का होतो आणि ती पुन्हा येत नाहीत.

पायरी २: स्वतःला काय माहीत आहे ते तपासा

आपल्या बोलण्यात तीन गोष्टींची सरमिसळ होते: पडताळलेली माहिती, स्वतःचा अनुभव आणि निव्वळ मत. ऐकणाऱ्या मुलाला त्यातला फरक कळत नाही. मोठ्या माणसाने ठामपणे सांगितलं की त्याच्या लेखी ते सगळं सारखंच खरं. म्हणून हा फरक आपणच शब्दांत सांगायचा. "प्रवेशाचा हा नियम मी या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचलाय." "माझ्या बाबतीत असं झालं होतं, पण तेव्हा अभ्यासक्रम वेगळा होता." "हे माझं मत आहे, दुसऱ्या कोणालाही विचारून बघ." अशी वाक्यं जोडायला काही सेकंद लागतात आणि सल्ल्याचं वजन योग्य तेवढंच राहतं.

पात्रतेच्या अटी, मुदती, शुल्क, शिष्यवृत्तीचे नियम आणि परीक्षेचं स्वरूप यांबाबत आठवणीवर अजिबात विसंबू नका. या गोष्टी बदलतात. विद्यार्थ्याला मूळ परिपत्रकापर्यंत किंवा संस्थेच्या कार्यालयापर्यंत पोहोचवा, ते कसं वाचायचं ते दाखवा आणि बघितलेल्या माहितीची तारीख लिहून ठेवायला सांगा. "मला नक्की माहीत नाही, पण कुठे कळेल ते सांगतो" हे पूर्ण आणि चांगलं उत्तर आहे.

स्वतःच्या यशाबाबत तर जास्तच सावध असावं. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने लढाऊ विमानांच्या नुकसानीचा अभ्यास केला होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत हे मोजलं जात होतं. वाल्डने लक्ष वेधलं ते न परतलेल्या विमानांकडे. परतलेल्यांवर ज्या भागात खुणा कमी, तिथे मार बसलेली विमानं बहुधा परतलीच नव्हती, म्हणून मजबुती त्या भागाला हवी. "मी शेवटच्या महिन्यात अभ्यास करून पास झालो, तूही होशील" असं सांगणारा माणूस परतलेल्या विमानांपैकी असतो. तसंच करून जे अडकले ते सल्ला द्यायला समोर येत नाहीत.

अनुभवी माणसाची दुसरी अडचण म्हणजे त्याला सोपं वाटतं ते समोरच्यालाही सोपं वाटेल असं तो धरून चालतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी यावर एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल सुरू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. "अरे, यात अवघड काय आहे?" हे वाक्य तोंडावर आलं की हा प्रयोग आठवावा.

पायरी ३: अभ्यासाबद्दलची तक्रार असेल तर

"खूप वाचतो, पण लक्षात राहत नाही" ही सर्वांत नेहमीची तक्रार. यावर "मन लावून वाच" असं सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे. या विषयावर भक्कम संशोधन झालेलं आहे, त्याचा आधार घ्या. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला. त्यात दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडाथोडा करून अनेक दिवसांवर पसरवणं. ओळींखाली रेघा मारणं आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचणं, ज्यावर बहुतेक मुलांचा भर असतो, या पद्धती तळाला राहिल्या.

असं का होतं, हे २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेल्या प्रयोगात छान दिसतं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून पुढच्या तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला चांगलं आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. मुलांना हे जरूर सांगा. पुन्हा वाचताना "येतंय की मला" असं वाटतं ते फसवं असतं, आणि आठवताना होणारा त्रास हीच शिकण्याची खूण आहे, हे कळलं की त्यांचा धीर सुटत नाही.

सल्ला मात्र उद्या सकाळी करता येईल इतका बारीक करून द्या. "धडा एकदा वाच, पुस्तक मिटव, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भर. परवा पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरू कर." एवढं सांगितलं तरी पुरे. एका वेळी एकच बदल सुचवावा. पाच सुचवले तर मूल एकही करत नाही.

वेळापत्रक करून देणार असाल तर त्यात मोकळी जागा ठेवा. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल हे विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. अंदाज चुकणं हा आळसाचा पुरावा नाही, बहुतेक सर्वांचं असंच होतं. आणि झोप कापून अभ्यास करण्याचा सल्ला कधीही देऊ नका. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं निद्रातज्ज्ञ सांगतात.

एक लोकप्रिय समजूतही इथेच बाजूला ठेवायला हवी. "तू बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी" अशी वर्गवारी करून त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८च्या आढाव्यात दाखवलं. मुलावर असा शिक्का मारला की उरलेल्या पद्धतींकडे ते फिरकतच नाही.

पायरी ४: "हे सोडवून द्या" म्हटलं तर

उत्तर लिहून दिलं की आपण दोघंही सुटतो, पण पुढच्या वेळी ते मूल तिथेच अडकतं. म्हणून आधी त्याने केलेलं काम मागून घ्या. समजा समीकरण आहे ३(क्ष − २) = ५क्ष + ४. विद्यार्थ्याचं उत्तर आलंय क्ष = −३, आणि ते चूक असल्याचं त्याला फक्त पुस्तकाच्या मागच्या पानावरून कळलंय.

पहिला इशारा अगदी हलका द्या: "तुझं उत्तर मूळ समीकरणात घालून बघ." डावीकडे −१५ येईल, उजवीकडे −११. म्हणजे चूक त्याला स्वतःच पकडता आली. ही ताळा करून बघण्याची सवय त्या एका उत्तरापेक्षा कितीतरी मोलाची आहे. तरी अडला तर दुसरा इशारा: "कंस सोडवलास ती ओळ परत बघ." तिथे ३क्ष − २ लिहिलेलं असणार, कारण बाहेरच्या ३ ने फक्त क्ष ला गुणलं. अजूनही कळत नसेल तर वेगळं, सोपं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा: ४(य − ५) म्हणजे ४य − २०, कारण कंसातल्या दोन्ही पदांना ४ ने गुणायचं. मग मूळ उदाहरण त्याच्याकडेच सोपवा. तो −५ वर पोहोचेल आणि दोन्ही बाजूंना −२१ आलेलं बघून त्याचा त्यालाच विश्वास बसेल.

मात्र इशाऱ्यांचा अतिरेकही नको. विषय अगदीच नवा असेल तर नुसते इशारे देत राहणं म्हणजे मुलाला छळणं. जॉन स्वेलर यांच्या १९८० च्या दशकापासूनच्या संशोधनात दिसतं की नवख्याला आधी पूर्ण सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो. पाया झाला की आधार हळूहळू कमी करत न्यायचा.

गुण मिळणारं काम असेल, म्हणजे प्रकल्प, निबंध किंवा सुरू असलेली परीक्षा, तर संस्थेचे नियम काय आहेत ते आधी विचारा. कल्पना समजावून सांगणं, मसुदा वाचून "हा मुद्दा पटत नाही" असं सांगणं ठीक. वाक्यं लिहून देणं नाही. चोरी पकडली गेली तर शिक्षा विद्यार्थ्याला होते, आपल्याला नाही.

पायरी ५: मोठे निर्णय

शिक्षण सोडणं, शाखा बदलणं, एक वर्ष थांबणं, कर्ज काढणं, अशा बाबतीत आपलं काम निर्णयाची मांडणी करून देण्यापुरतं असावं. तो निर्णय घेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्यासोबत जगायचं विद्यार्थ्याला आहे.

आधी बघायचं ते हे, की निर्णय मागे फिरवता येतो का. एक विषय बदलून परत घेता येत असेल तर फार काथ्याकूट नको. नाव काढून घेतल्यावर परत प्रवेश मिळणार नसेल तर घाई अजिबात नको, आणि तोवर रजा किंवा तात्पुरती स्थगिती मिळते का ते शोधायचं. निकाल लागल्याच्या रात्री, भांडणानंतर किंवा आजारपणात कोणताही मोठा अर्ज भरू नये. ही एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन.

मग पर्याय कागदावर काढा. मुलं बहुधा दोनच पर्याय सांगतात, राहायचं किंवा सोडायचं, आणि तिसरा-चौथा पर्याय विचारला की निघतो. प्रत्येकापुढे काय मिळेल, काय जाईल, खर्च कोण उचलेल आणि कोणती गोष्ट अजून पडताळायची आहे ते लिहा. "इतकी वर्षं घालवली, आता कसं सोडू?" असं कोणी म्हणालं तर गेलेली वर्षं हिशेबातून बाजूला काढायला शिकवा. ती दोन्ही वाटांवर गेलेलीच आहेत. तुलना करायची ती पुढच्या वर्षांची.

क्षेत्र निवडताना त्या क्षेत्रातल्या निदान तीन माणसांशी बोलायला सांगा, आणि त्यातलं एक जण ते क्षेत्र सोडून गेलेलं असावं. यशस्वी माणसाला "कामाचा साधा दिवस कसा जातो?" हे विचारायला लावा. पगाराच्या आकड्यापेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

तुमचा स्वतःचा काही संबंध असेल, म्हणजे तुम्ही त्या संस्थेत शिकवता किंवा प्रवेशामागे मोबदला मिळतो, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगायची लाज वाटत असेल तर तो सल्ला देऊच नका.

पायरी ६: शब्द जपून वापरा

अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने कामगिरी उलट खालावली. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीवर गेलं की असं होण्याची शक्यता वाढते. म्हणून "तू निष्काळजी आहेस" ऐवजी "तिसऱ्या ओळीत चिन्ह सुटलंय", आणि "तुला भाषा जमत नाही" ऐवजी "या परिच्छेदात मुद्दा शेवटच्या वाक्यात येतोय, तो वर घे". भावंडांशी, मित्रांशी तुलना नको. खोटी आशाही नको. "नक्की होईल" असं कोणाच्याही निकालाबद्दल आपल्याला म्हणता येत नाही.

पायरी ७: जिथे सल्ला पुरत नाही

काही प्रश्न अभ्यासाचे वाटतात, पण तसे नसतात. झोप उडालीय, जेवण सुटलंय, मित्र तोडलेत, आवडत्या वस्तू वाटून टाकल्यात, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", "आता संपवून टाकावंसं वाटतं" अशी भाषा येतेय, तर वेळापत्रकाचा विषय तिथेच थांबवा.

सरळ विचारा: "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार मनात शिरेल अशी भीती सर्रास असते. मॅडलिन गुल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात असं विचारल्याने त्रास किंवा तसे विचार वाढल्याचं आढळलं नाही. उत्तर "हो" आलं तर घाबरून भाषण सुरू करू नका, "तुला काय कमी आहे?" असंही म्हणू नका. "सांगितलंस हे बरं केलंस" म्हणा. काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आत्ता सोबत कोण आहे, हे विचारा. धोका लगेचचा वाटला तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या विश्वासू मोठ्या माणसाला बोलवा आणि तातडीच्या सेवेशी किंवा हेल्पलाइनशी संपर्क करा. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. "मी हे सगळीकडे सांगणार नाही, पण तुझा जीव वाचवायला गरज पडली तर एका माणसाला सांगेन" एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

घरात किंवा शिकण्याच्या ठिकाणी मारहाण, लैंगिक छळ किंवा धमक्या असल्याचं मूल सांगत असेल तर आधी विश्वास ठेवा. खोदून खोदून तपशील विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं. आरोप असलेल्या व्यक्तीला परस्पर जाब विचारू नका, त्याने मुलाचा धोका वाढतो. बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेकडे न्या, आणि त्याने सांगितलेले शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा.

औषधांबाबत, मग ती झोपेची असोत की एकाग्रतेची, काहीही सुचवू नका. डॉक्टरांनी दिलेली बंद करायलाही सांगू नका.

मर्यादा आपल्यालाही लागू आहेत. अल्पवयीन मुलाशी लपूनछपून, रात्री-अपरात्री बोलणं ठेवू नये. त्याची गोष्ट नाव गाळूनही इतरांना उदाहरण म्हणून सांगू नये, ओळखणारे खुणांवरून ओळखतात.

पायरी ८: नंतरची विचारपूस

बोलणं संपताना पुढचं एक पाऊल आणि त्याची तारीख ठरवा: "शुक्रवारपर्यंत तू कार्यालयात रजेच्या नियमाबद्दल विचार, शनिवारी आपण बोलू." मग शनिवारी खरोखर विचारा. आपण दिलेली माहिती जुनी निघाली तर लगेच कळवा, विद्यार्थी तिच्या भरवशावर पुढे गेलेला असू शकतो. आणि त्याने आपल्या सल्ल्याच्या उलट निर्णय घेतला असेल तर "मी सांगत होतो" हे वाक्य गिळून टाका. आता त्या निर्णयात कोणते कागद लागतील, पहिली मुदत कधीची आहे आणि कोणाला भेटायचं, हे त्याच्यासोबत बसून काढा.